आरसेबुवांनी निवडलेली गाडी

कारखान्यात त्यांना सगळे आरसेबुवा म्हणायचे. खरं नाव पगाराच्या दिवशी हाक मारताना तेवढं कानावर पडायचं. लाकडी सामानाला पॉलिश करायचं काम. टेबल तयार झालं की बुवा त्यावर वाकून बघायचे, आणि स्वतःच्या मिशा स्वच्छ दिसल्या नाहीत तर पुन्हा घासायला घ्यायचे. "आरसा झाला पाहिजे, आरसा," हे त्यांचं पालुपद. माणूस हट्टी, पण हाताला गुण होता, हे त्यांच्या वाईटावर असलेलेही कबूल करत. बोटं फिरवून सांगायचे, इथे एक हात कमी बसलाय म्हणून. आणि खरोखर बसलेला असायचा.

पण हा गुण काही फुकट आला नव्हता. सारी उमर थिनर, स्पिरिट आणि वॉर्निशच्या वाफेत गेली, आणि नाक कधी गेलं ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. एके दिवशी घरी आले तर बायको ओट्यापाशी कांदा परतत होती. डोळ्यांना पाणी आलं, वास मात्र नाही. मोरीत जाऊन साबण हुंगला. औषधाची बाटली उघडून हुंगली. कशाचाच पत्ता नाही. आता हे घरात सांगायचं कसं? लग्न झाल्यापासून ती कानीकपाळी ओरडत होती, "अहो, नाकाला फडकं बांधत जा." बुवांनी कधी बांधलं नाही. आता सांगितलं तर "मी म्हणत नव्हते?" हे ऐकून घ्यावं लागलं असतं, आणि मग ती रडली असती. ते रडणं त्यांना नको होतं. म्हणून त्यांनी सोपी वाट काढली. रोज संध्याकाळी दारात चपला काढता काढता म्हणायचं, "वा, काय वास सुटलाय." ती खूश. झाकली मूठ सव्वा लाखाची. अशी वर्षं गेली, आणि ते खोटं इतकं अंगवळणी पडलं की बुवांना स्वतःलाच त्यात काही वावगं वाटेनासं झालं.

मग बायकोच्या छातीत गाठ निघाली. गाठ कापून काढली, पण पुढे औषधाचे डोस घ्यायचे होते, आणि मोठं हॉस्पिटल शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. पहिले काही डोस बसनं झाले. एकदा परतताना तिला बसमध्येच उलटी झाली. शेजारची बाई उठून लांब जाऊन उभी राहिली, कंडक्टरनं वर्तमानपत्राचा कागद पुढे केला. घरी येऊन ती एवढंच म्हणाली, "मला आता बसनं नाही जायचं." कधी कशाला नाही न म्हणणारी बाई ती. त्याच आठवड्यात बुवांनी ठरवलं, गाडी घ्यायची. जुनी का असेना, पण पेट्रोलची, चार दारांची आणि मागे तिला आडवं पडता येईल अशी.

मेहुणा पार्सलची व्हॅन चालवायचा. गाड्यांतलं त्याला कळत होतं, आणि कळतं हे तो कुणाला विसरूही द्यायचा नाही.

"भाऊजी, मी येतो बरोबर," तो म्हणाला. "जुन्या गाडीचं म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा."

"मला डोळे आहेत."

"डोळ्यांचं काम नाही ते. गाडी खालून बघायची असते. वर उचलून दाखवा म्हणावं."

"तू तुझी पार्सलं सांभाळ."

"राहिलं बुवा," मेहुणा हसत उठला. "नाकानं कांदे सोलणाऱ्याला कोण काय शिकवणार."

बुवा एकटेच गेले. शहराबाहेरच्या एका पट्ट्यात ओळीनं जुन्या गाड्यांची दुकानं होती. पत्र्याची शेड, पुढे खडी टाकलेलं अंगण, आणि टायरांना तेल चोपडून उभ्या केलेल्या गाड्या. जाड चष्म्याच्या दुकानदारानं बजेट विचारलं आणि जराही नाक न मुरडता दोन गाड्या दाखवल्या. पहिली चांदीच्या रंगाची. इंजिन चालू केलं तर बाजूला उभं राहूनही कळू नये इतकं शांत. बुवांनी बाजूनं बोटं फिरवत नेली आणि डाव्या दाराशी थांबले.

"हे दार पुन्हा रंगवलंय."

"मानलं बुवा तुम्हाला," दुकानदार म्हणाला. "फाटकाला घासलं होतं. पण खालून ठणठणीत आहे. एका मास्तरांची होती, पोरासारखी सांभाळली त्यांनी."

खालून कशी का असेना, ते दार बुवांच्या बोटांना टोचत राहिलं. रंगही जुळवलेला नव्हता धड, उन्हात फरक दिसत होता. असल्या दारातून बायकोला आत बसवायचं? कारखान्यात असं दार त्यांनी परत पाठवलं असतं.

दुसरी गाडी गडद निळी. मूळचा रंग, कुठे डाग नाही, टवका नाही. बुवा बॉनेटवर वाकले आणि त्यांना त्यांच्या मिशा दिसल्या. तिथेच सौदा झाला म्हणायला हरकत नाही.

"ही समुद्राकाठच्या गावातली आहे," दुकानदार म्हणाला. "खाली गंज असेल थोडा. वाटल्यास गॅरेजला नेऊन दाखवा. आणि काचा लावून मागे बसून बघा, आत कसला वासबीस येतोय का. मागनं तक्रार नको."

बुवा मागे बसले. दुकानदारानं इंजिन चालू केलं. बुवांनी काचा वर केल्या, डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला.

"काही नाही," ते म्हणाले.

गिऱ्हाईकच नाही म्हणतंय, तर दुकानदार कशाला हो म्हणेल?

गाडी दाराशी आली तेव्हा बायको भिंतीला धरून धरून बाहेर आली. बुवांनी आदल्या दिवशी दुकानातच गाडीला पॉलिशचा हात दिला होता, अगदी आरसा. तिनं त्यात स्वतःला पाहिलं. "किती वाळलेय हो मी," ती म्हणाली. मग बुवांचं तोंड पडलेलं बघून घाईघाईनं म्हणाली, "पण गाडी छान आहे. तुमची निवड म्हणजे काय बोलायचं." रात्री जेवताना मेहुण्याला फोन करून बुवांनी त्या चांदीच्या गाडीचा फसवा दरवाजा आपण कसा पकडला, ते रंगवून रंगवून सांगितलं.

थंडीचे दिवस होते. डोस घ्यायला जाताना तिला हुडहुडी भरायची, म्हणून काचा बंद. ती मागच्या सीटवर शाल पांघरून पडायची. दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, "अहो, कसला तरी वास येतोय का? धुरासारखा?"

बुवांनी नाकानं दोनदा आवाज केला. "छे, कसला वास?"

"तुम्हाला नाही येत?"

"नाही बुवा."

पुढच्या वेळी तिनं पुन्हा विचारलं आणि पुन्हा तेच उत्तर मिळालं. त्यानंतर तिनं विचारणं सोडलं. एरवी गाडीत दुसरं कुणी बसायचं नाही. घर ते हॉस्पिटल, हॉस्पिटल ते घर. बुवांचंही डोकं जड व्हायचं, पण पॉलिशवाल्याला जड डोक्याचं काय कौतुक? ते रहदारीला शिव्या घालायचे आणि घरी आल्यावर चहा प्यायचे.

त्यांना माहीत नव्हती अशी एक गोष्ट होती. अगदी सुरुवातीला, ते औषधांच्या रांगेत असताना, डॉक्टरबाई तिला म्हणाल्या होत्या, "डोकं सारखं दुखायला लागलं, किंवा इतरांना न येणारे वास यायला लागले, तर लगेच सांगायचं. आजार डोक्यात गेला तर असं होतं." लगेच सांगायचं, म्हणे. सांगितल्यावर काय ऐकायला मिळणार, ते ठाऊक असताना कोण लगेच सांगतं? आणि वास तर येतच नव्हता. ज्यांना ओट्यावरच्या कांद्याचा वास दारातून येतो, ते नाही म्हणत होते. म्हणजे वास गाडीत नव्हता, तिच्या डोक्यात होता. तिनं मनाशी हिशेब मिटवून टाकला.

मग ती बुवांना स्वयंपाक शिकवायला लागली. "मीठ शेवटी घाला. कांदा झाला की वासावरून कळेल तुम्हाला." बुवा हो हो म्हणाले. परगावच्या मुलीला बोलावून तिनं बांगड्या दिल्या. मुलगी रडली, बुवा चिडले. आणि एका सकाळी, पिशवी भरून तयार, गाडी दारात, तर ती कॉटवरून उठेचना.

"मला नाही जायचं. बास झालं आता."

बुवांनी समजावलं, मग आवाज चढवला, मग तिच्या पायाशी बसले. मुलीनं फोनवर विनवण्या केल्या. हॉस्पिटलातूनही फोन आला. तिचं एकच उत्तर, "थकले." एक डोस चुकला, दुसरा चुकला, तिसरा चुकला. बुवा रोज सकाळी गाडी पुसत बसायचे, कारण हातांना दुसरं काय करायला द्यावं हे त्यांना सुचत नव्हतं.

शेवटी मेहुणा आला. "ताई, डोस राहू दे," तो म्हणाला. "नुसती चक्कर मारून आणतो तुला. घरात बसून माणूस कुजतं." भावाला तिला नाही म्हणवेना. तो चालवायला बसला, बुवा शेजारी, ती नेहमीसारखी मागे. कोपऱ्यावरच्या सिग्नलला थांबले, आणि पुढे जाताच मेहुण्यानं गाडी कडेला घेऊन बंद केली. चारही काचा खाली केल्या.

"भाऊजी, हा धूर आत येतोय. तुम्हाला वास नाही येत?"

बुवांनी सवयीनं तोंड उघडलं. त्यांच्या आधी मागून आवाज आला.

"तुला येतोय? तुला वास येतोय?"

"अगं ताई, मेलेला उठून बसेल इतका येतोय."

ती रडायला लागली. रडत रडतच तिनं डॉक्टरबाईंचं बोलणं सांगितलं, आपण काय समजून बसलो होतो तेही सांगितलं. मेहुणा बुवांकडे बघत राहिला. बुवा समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "मला वास येत नाही. कसलाच. कितीतरी वर्षं झाली."

मेहुणा उतरला आणि गाडीखाली बघायला वाकला. आत दोघंच राहिली.

"मग रोज दारात उभं राहून म्हणायचात ते?" तिनं विचारलं.

बुवा पुढच्या काचेवरचा डाग अंगठ्यानं पुसायला लागले.

"मी विचारलं होतं हो तुम्हाला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "दोन वेळा विचारलं होतं."

गॅरेजवाल्यानं गाडी वर उचलली. धूर बाहेर नेणाऱ्या नळीला गंजून भोक पडलं होतं, त्यात बोट गेलं असतं. वर डिकीच्या तळाला रबरी बूच असतं ते गायब. तिथून धूर सरळ मागच्या सीटखाली. मागवलेला चहा संपायच्या आत नळीला तुकडा जोडून झाला, बूच बसलं. इतकंच काम होतं. परत येताना मेहुणा एकच वाक्य बोलला. "त्या चांदीच्या गाडीचं काय वाईट होतं, भाऊजी?" एरवी बुवांनी त्याला वाटेला लावलं असतं. त्या दिवशी मान खाली घालून ऐकून घेतलं.

डोस पुन्हा सुरू झाले. डॉक्टरबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. डोकं अगदी स्वच्छ होतं. पण मधल्या काळात आजार हाडांत उतरला होता.

"मध्ये डोस चुकले नसते तर?" बुवांनी बाहेर येऊन विचारलं.

"तसं नक्की सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. चांगुलपणानंच म्हणाल्या. पण नक्की हो म्हणाल्या असत्या तर बुवांना एकदाच मरता आलं असतं, आता रोजचं झालं.

त्या उरलेल्या खेपांना ती काच बोटभर उघडी ठेवायची आणि मागून सांगत राहायची. "आता बेकरी आली. पाव भाजतायत." "इथे डांबर टाकलंय ताजं." "कुणीतरी कपडे वाळत घातलेत, साबण स्वस्तातला आहे." आणि मग हॉस्पिटलच्या फाटकाशी, "फिनेल आलं. उतरा, आलं आपलं घर." बुवा हसायचे. बोलता येण्यासारखं पुष्कळ होतं, पण दोघांनीही ते काढलं नाही. थंडी संपता संपता, हॉस्पिटलातच, एका दुपारी ती गेली.

दिवसकार्य उरकल्यावर मुलगी परत निघाली. बुवा तिला स्टेशनवर सोडायला गेले. ती मागे बसली होती. सीटवर शालीची घडी तशीच होती. वाटेत बुवांनी आरशात पाहिलं. तिनं शालीत तोंड खुपसलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "गाडीत अजून आईचा वास आहे."

तिला सोडून बुवा गाडीपाशी आले आणि मागच्या दारानं आत शिरले. काचा वर केल्या. डोळे मिटले, शाल नाकाला लावली आणि छाती भरून श्वास घेतला, त्या दिवशी दुकानदाराच्या अंगणात घेतला होता तसा. काही नाही.

आता उन्हाळा लागलाय. गाडीत बसलं की भट्टीत बसल्यासारखं होतं. परवा मेहुणा शेजारी बसला, घामानं शर्ट चिंब झाला त्याचा. "भाऊजी, काच तरी खाली करा," तो म्हणाला.

"नको," बुवा म्हणाले. "उडून जाईल."

मेहुण्यानं काचेवरचा हात काढून घेतला.