अप्पांचा दोरा आणि माझा व्हर्निअर

सिद्रामप्पा यंदा पंचाहत्तरीत पदार्पण करत आहेत, त्यांच्याविषयी चार शब्द लिहा, असं गौरवसमितीने सांगितलं तेव्हा मी आधी चक्क टाळाटाळ केली. अप्पांविषयी खरं लिहायचं तर मला स्वतःची एक चूक चारचौघांत सांगावी लागते. आयटीआयमध्ये अठ्ठावीस वर्षं मुलांना मापं घ्यायला शिकवलेल्या माणसाला ते सोपं जात नाही. पण ती चूक वगळून लिहिलं तर लेखात अप्पाच उरणार नाहीत. म्हणून सांगतो.

माझी मुलगी अश्विनी तेव्हा कॉलेजात होती आणि सायकलच्या शर्यतींत उतरायची. तिच्या सायकलचा बीबी एक्सल, म्हणजे दोन्ही पेडलं ज्या आसावर फिरतात तो आस, खिळखिळा झाला होता. घरात फिटर ट्रेडचा निदेशक असताना दुकानात कशाला जायचं? मी नवा सेट आणला आणि स्वतः बसवला. पुढचं चेनव्हील आणि मागच्या सात चकत्यांमधली मधली चकती एका रेषेत आली पाहिजेत, नाहीतर चेन तिरकी पळते, हे मला ठाऊक होतं. सीटखालच्या उभ्या नळीपासून मी व्हर्निअरने, म्हणजे सूक्ष्म मापाच्या सरकत्या पट्टीने, माप घेतलं. पुन्हा घेतलं. मिलिमीटरच्या दशांशापर्यंत बरोबर! बायकोला बोलावून दाखवलंसुद्धा.

आणि चेन पडायला लागली. सपाटीवर गप्प असायची. पण अश्विनीने शेवटच्या जोराच्या वेळी मागे सगळ्यात लहान चकती टाकली, की चेन बाहेरच्या बाजूने उतरायची. जिल्ह्याच्या शर्यतीत चेन ऐन शेवटी उतरली, अश्विनी पडली आणि कोपर सोलपटून घरी आली. मी सायकल तपासली, माप तेच. मग मी तिला म्हणालो, "सायकलमध्ये दोष नाही. तुझे पाय वाकडे पडतात."

हे वाक्य मी एकदा बोललो असतो तर एक वेळ ठीक होतं. मी ते महिनाभर बोललो. पोरीने ते खरं मानलं. ती रस्त्याकडे बघायचं सोडून स्वतःच्या पायांकडे बघत सायकल चालवू लागली. मोहोळ रस्त्यावर राज्याच्या संघासाठी निवड-शर्यत होती. तिच्या दोन दिवस आधी ती शांतपणे म्हणाली, "बाबा, ही शेवटची. माझे पायच या कामाचे नाहीत." त्याच दिवशी तिच्या मैत्रिणीने अप्पांचं नाव सुचवलं. मुलीची समजूत पटावी म्हणून मी निघालो, दुसरं काही कारण नव्हतं.

शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात, अप्पांचं दुकान आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा अक्कलकोटकडच्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला "बर्री, कुंदर्री", या, बसा, म्हणून त्यांनी स्टुलावर बसवलं होतं आणि कानडीत त्याची समजूत घालत होते. त्याला सगळाच सेट नवा हवा होता. अप्पांनी त्याचं बोट धरून जुन्या कपाच्या, म्हणजे आसाचे छर्रे ज्या वाटीत फिरतात तिच्या, आतून नख फिरवायला लावलं. नखाला कुठे खड्डा लागला नाही. मग फक्त छर्रे, म्हणजे आतल्या पोलादी गोळ्या, बदलले, ताजं ग्रीस भरलं आणि म्हाताऱ्याला वाटेला लावलं. नवा सेट मागणाऱ्या गिऱ्हाइकाला नुसत्या छर्र्यांवर परत पाठवणारा दुकानदार मी प्रथमच पाहत होतो, आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा ते धंद्यातलं अडाणीपण वाटलं.

माझी पाळी आली. मी व्हर्निअर काढून सगळी मापं घडाघडा म्हणून दाखवली. अप्पांनी मान डोलवत ऐकून घेतलं. मग शेजारच्या मागवाल्याने दिलेल्या सुताच्या कांडीतून हात-दोन हात नव्हे, चांगला लांब दोरा काढला.

"पोरी, तू धर. तुजी सायकल हाय की."

दोऱ्याचं एक टोक त्यांनी मागच्या चाकाच्या आसाजवळ डावीकडे बांधलं, दोरा पुढे हँडलखालच्या नळीला वळसा घालून उजवीकडून मागे आणला आणि दुसरं टोक आसाच्या उजव्या बाजूला अश्विनीच्या हातात ताणून धरायला दिलं. आता सीटच्या नळीच्या दोन्ही बाजूंना दोरा होता. वहीच्या पुठ्ठ्याचे काही तुकडे एकावर एक ठेवून त्यांनी माझ्या हातात दिले.

"सर, डाव्या बाजूला घाला बरं."

डावीकडे, नळी आणि दोऱ्याच्या मधे, पुठ्ठे घट्ट बसले.

"आता उजवीकडं."

उजवीकडे तेच पुठ्ठे हातातून सुटून खाली पडले.

मी खाली वाकून दोन्हीकडची फट पाहिली. फ्रेमचा मागचा भाग उजवीकडे सरकलेला होता, बहुधा कुठल्या तरी जुन्या पडण्यात. ज्या नळीला मध्य धरून मी दशांश मोजत होतो, ती मुळात मध्यावर नव्हतीच. वर्गात पहिल्याच दिवशी मी मुलांना सांगतो की माप घेण्याआधी ज्यावरून माप घ्यायचं ते तपासा. आणि घरच्या सायकलला मी तेच विसरलो होतो.

अप्पा हळू आवाजात म्हणाले, "सर, तुमचं माप खोटं न्हाय. तुमी ज्याला धरून मोजलं, तेच बाजूला गेलंय." मग अश्विनीकडे वळले. "पोरी, तुजं पाय लई सरळ हायत. कुणी काय बी सांगू दे."

'कुणी' कोण, हे त्यांनी विचारलं नाही. अश्विनीने दोरा सोडला नाही, पण तिचे डोळे भरून आले होते. तो 'कुणी' कोण, हे सांगण्याचं काम माझं होतं. मी म्हणालो, "मी सांगितलं होतं, अप्पा. चुकलं माझं." मुलीकडे बघून म्हणायला हवं होतं, तेवढं धाडस तेव्हा झालं नाही.

मी उतावीळपणे म्हणालो, फ्रेम आत्ताच वाकवून सरळ करा. त्यांनी साफ नकार दिला. "आज वाकवायला घेतली आन् कुटं चीर गेली, तर परवा पोरगी पडंल. आज चेन सरळ करू. फ्रेम शर्यत झाल्यावर." उजवा कप काढून त्यांनी त्याच्यामागे एक पातळ रिंग घातली. कप आवळला, डाव्या बाजूने छर्र्यांचा ताण जुळवला आणि चेनव्हील जरासं बाहेर आलं. मग मागे जमिनीवर बसून, एक डोळा मिटून, उलटं पेडल फिरवत बराच वेळ चेनकडे पाहत राहिले. सगळ्यात लहान चकतीवर चेन टाकली आणि पेडल हाताने जोरात फिरवलं. चेन जागची हलली नाही. व्हर्निअर माझ्या खिशात होता. तो बाहेर काढायची मला लाज वाटली.

शर्यतीच्या सकाळी आम्ही मोहोळ रस्त्यावर पोहोचलो तर अप्पा आधीच तिथे उभे! हातात पिशवी, पिशवीत पाना. एसटीने आले होते, कुणाला न सांगता. "नवी रिंग दाबून बसती. पोरीनं काल चालवली आसंल तर कप जरा ढिला झाला आसणार." त्यांनी पाना लावला. कप खरंच पाव फेरा फिरला. तो पाव फेरा तसाच राहिला असता तर ऐन शर्यतीत चेन पुन्हा उतरली असती. साठी ओलांडलेला माणूस तेवढ्यासाठी भल्या पहाटे उठून आला होता.

त्या दिवशी चेन पडली नाही. अश्विनी मात्र निवडीत बसली नाही, एका सायकलच्या अंतराने राहिली. घामाने निथळत आली आणि हसत म्हणाली, "बाबा, दम कमी पडला. पाय सरळ आहेत माझे." तेव्हा कुठे मी तिच्याकडे बघून माफी मागितली. तिची सायकल सुटली नाही. पुढच्या वर्षी ती संघात गेली. आज ती स्वतः मुलींना शिकवते.

अप्पांनी फ्रेमही ठरल्याप्रमाणे शर्यतीनंतर सरळ केली आणि रिंग काढून अश्विनीला परत दिली. माझ्या वर्गात आता पहिल्या दिवशी व्हर्निअर दिसत नाही. मी सुताची कांडी घेऊन जातो आणि ही सगळी हकिकत नावानिशी सांगतो.

गेल्या महिन्यात अश्विनी आपल्या एका विद्यार्थिनीची सायकल घेऊन अप्पांकडे गेली होती. मीही होतो. अप्पांनी सवयीने दोरा बांधला, वाकून पाहिलं आणि थांबले. नजर आता पूर्वीसारखी साथ देत नाही. त्यांनी ताणलेलं टोक स्वतःच्या हातात घेतलं आणि पुठ्ठे अश्विनीपुढे धरले. "आता तू बघ. मी धरतो."

तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "सरळ आहे, अप्पा." त्यांनी पुन्हा तपासलं नाही. तेवढ्यावर दोरा सोडला.

अप्पा, आपण शतायुषी व्हा. आपली नजर, आपले गुडघे, आपले हात सुखरूप राहोत. बघायचं काम आता अश्विनी करेल, पुठ्ठे मी पुरवीन. आपण फक्त ते टोक असंच, पुष्कळ वर्षं धरून ठेवा.