हतोडेवाल्या शोची संध्याकाळ

सौंसरच्या गुणवंताकडे कुस्तीचा विषय काढायचा असेल, तर आधी घरी निरोप धाडावा की जेवायला उशीर होईल. ही कुस्ती आपल्या लाल मातीतली नव्हे. टीव्हीवरची, अमेरिकेतली, दोरांच्या चौकोनात उघडेबंब गडी एकमेकांच्या पाठीत लोखंडी खुर्च्या घालतात ती. त्यात दर महिन्याला एक मोठा शो असतो. तिकडची माणसं तो घरबसल्या पाहायला वेगळे पैसे भरतात, म्हणून त्याला पे-पर-व्ह्यू म्हणायचं. आपल्याकडे तो केबलच्या भाड्यातच निघायचा. सोमवारी सकाळी चहाच्या वेळेला थेट लागायचा आणि संध्याकाळी पुन्हा दाखवायचे.

वर्षातले दोन-तीन शो असे, की त्यांची नावं शेंबड्या पोरालाही पाठ. गुणवंताचा जीव मात्र उरलेल्यांवर. लागले कधी, संपले कधी, कोणाला पत्ता नसतो. पंधरा दिवसांनी नाव काढलं तर चांगला शौकीन माणूसही डोकं खाजवतो. असल्या शोंची नावं गुणवंता सोयऱ्यांच्या लेकरांसारखी सांगायचा. त्याचं कारणही त्याच्यापाशी तयार असायचं. "मोठ्या शोमंदी मोठेच जितते, बावा. लहान्या माणसाले जितवाचं असन, तर कोणाचं ध्यान नसन तवाच जितवते."

गुणवंता संत्र्याच्या मोसमात पेट्या भरतो आणि बाकीच्या वर्षात हाताला येईल ते काम करतो. हात मोठा, आवाज त्याहून मोठा, आणि खोटं बोलायला गेला तर कान लाल होतात असा माणूस. त्याचा जोडीदार वीरेंद्र, म्हणजे विरू. दोघं एका गल्लीत वाढले, एका पाटीवर दोघांनी अक्षरं गिरवली आणि मास्तरांच्या एकाच छडीचे वळ वाटून घेतले. टीव्ही विरूकडे होता, म्हणून शो विरूकडे, तोही संध्याकाळी, कामं उरकल्यावर. पहेलवानांची इंग्रजी नावं जिभेवर चढेनात, तेव्हा दोघांनी त्यांचं घरच्या घरी बारसं उरकलं. सगळ्यांत उंच, पट्टा कमरेला बांधून फिरणारा तो टावर. टकल्या होता तो भोपळा. आणि एक होता ढेरपोट्या, मिशाळ, शेतकऱ्याचा वेश करून हातात बादली घेऊन यायचा. चालायचा असा, की जणू शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभं राहून मजुरांना बोल लावायला निघालाय. त्याचं नाव पाटील.

पाटलाचं काम हरणं. तो बादली घेऊन यायचा, मार खायचा आणि बादली तिथंच टाकून जायचा. विरू त्याच्यावर पोट धरून हसायचा. गुणवंता म्हणायचा, "हासू नको बे. एक दिवस थो टावरले पाडन."

"तवा मी तुया पाया पडन," विरू म्हणायचा.

असं चाललं असताना बोरगावच्या बाजूच्या एका शाळेत शिपायाची जागा निघाली. कायमची नोकरी, खाकी कपडे, पावसाळ्यात डोक्यावर छत. अर्ज दोघांचेही. संस्थेचे सचिव दोघांच्या बापांना ओळखणारे. ते म्हणाले, "तुम्ही दोघं एका ताटात जेवणारे. मी एकाला घेऊन दुसऱ्याच्या तळतळाटाचा धनी का होऊ? तुम्हीच ठरवा आणि पोळा झाल्यावरच्या मंगळवारी एकानं माझ्याकडे या."

आता आली पंचाईत. दोघं रोज भेटायचे, त्या जागेचं सोडून बाकी सगळं बोलायचे. गुणवंताच्या बायकोला, कुसुमला, दिवस गेलेले. विरूचा पूनमशी संसार नुकता लागलेला. तू घे म्हणावं तर जीव होत नव्हता, मी घेतो म्हणावं तर तोंड होत नव्हतं. पाहता पाहता पोळा आला, आणि पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे नेमका शोचा सोमवार.

त्या दिवशी आमच्याकडे माणूस घरी सापडत नाही. पांढुर्ण्याला गोटमार. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, इकडून पांढुर्णा आणि तिकडून सावरगाव, आणि मध्ये गोट्यांचा पाऊस. गुणवंताची बहीण सावरगावात दिलेली, म्हणून तो दर साली तिच्याकडे जायचा. विरूही बरोबर असायचा. त्या साली विरू म्हणाला, "पाय मुरगळला गड्या. तू जाऊन ये."

गुणवंता अंधार असतानाच निघाला. दिवसभर बहिणीच्या घराच्या गच्चीवरून गोटे पाहिले, फुटलेल्या डोक्यांना हळद लावली आणि दिवस कलताना सौंसरला परतला. गल्लीत तान्ह्या पोळ्याची पोरं लाकडी नंदी ओढत घरोघर बोजारा, म्हणजे सणाचा खाऊ-पैसा, मागत होती. घरी न जाता तो तसाच विरूच्या दारात. शो लागायची वेळ झालेली. नाव 'हॅमर संडे'. आपले हे दोघं त्याला हतोडेवाला शो म्हणत. शेवटची कुस्ती टावर आणि पाटलाची. टावरशी लढायला ठरलेला गडी आजारी पडला म्हणे, म्हणून पाटलाला उभं केलेलं.

पूनम आलूबोंडे ठेवून गेली. विरू खाटेवर पाय लांब करून बसला होता. तो म्हणाला, "गुणवंता, आपल्याच्यानं तर ठरत नाई. आज याच्यावरच सोडू. ज्याचा गडी जितन त्याची नोकरी."

गुणवंताला ते पटलं. म्हणाला, "मंग पाटील माया."

"नाई बे. रोज तुयाच असते. आज पाटील माया राहू दे, टावर तुले."

गुणवंताला क्षणभर वाईट वाटलं. विरूला जागा सोडायची आहे आणि तोंडानं बोलवत नाही, म्हणून त्यानं हरणारा गडी मागून घेतला, असं त्याच्या मनात आलं. त्यानं दोनदा विचारलं, "पाह्य बरं, मंग म्हणशीन."

"नाई म्हणत."

कुस्ती सुरू झाली. पाटील मार खात होता, पुष्कळ खात होता. गुणवंता आलूबोंडा हातात धरून बसलेला. टावर जिंकला तर शिपायाची नोकरी आपली, कुसुमच्या पोटातल्या बाळाच्या बापाची, हे त्याला ठाऊक होतं. आणि तरी टावरनं पाटलाला उचललं की 'उठ ना बे पाटील' असं त्याच्या तोंडून निघायचं. मग काय झालं, पंचाची पाठ फिरली, पाटलानं कोपऱ्यातली बादली घेतली आणि टावरच्या डोक्यात घातली. टावर आडवा. पाटील त्याच्या छातीवर कणगीसारखा पडला. पंचानं हात आपटला, एक, दोन, तीन.

गुणवंता उठला. आपण काय गमावलं हे त्याच्या डोक्यापर्यंत पोहोचलंच नाही. त्यानं विरूला खाटेवरून ओढला, दोघं एकमेकांना मिठी मारून नाचले. खाट कडाकडा वाजली, बोजारा मागायला आलेली पोरं नंदी सोडून खिडकीत जमली. विरू ओरडत होता, "पाटील, पाटील," आणि खरंच वाकून गुणवंताच्या पाया पडला. मुरगळलेला पाय कुठं गेला होता, ते गुणवंतानं तेव्हा पाहिलं नाही.

तो घरी गेला तो नाचतच. कुसुमनं ऐकून घेतलं आणि ताटात भाकर आपटली. "नोकरी गेली आन् हासून राह्यले तुम्ही?"

"पाटील जितला ना वं," गुणवंता म्हणाला. "नोकरीचं काय, थे पुन्हा निघन. पाटील पुन्हा नाई जितत."

दोन गोष्टींतली त्याची एकच खरी ठरली. पाटील खरंच पुन्हा जिंकला नाही. नोकरीही पुन्हा निघाली नाही.

विरू शिपाई झाला. गुणवंता पेट्या भरत राहिला. कुसुमला मुलगी झाली, शिकली, मोहगावला सासरी गेली. ताप, पाऊस, मोडकी पाठ, सगळं झालं. पण कंटाळा आला की गुणवंता ती संध्याकाळ काढायचा, जशी दुसरा माणूस पेटीतून ठेवणीतला सदरा काढतो. कोणाला सांगायला गेला तर लोक म्हणायचे, "असा काई शो झालाच नाई, काका." शौकीन पोरं मोबाईलवर शोधायची, कंटाळून सोडून द्यायची. तो शो जगात दोघांनाच आठवत होता. गुणवंताला आणि विरूला. म्हणून तो विरूकडेच यायचा. "कसा शो होता, नाई बे?" आणि विरू मान हलवायचा. "होता ना गड्या. काय होता."

यंदाच्या तान्ह्या पोळ्याला गुणवंता बहिणीकडून परत आला आणि नेमाप्रमाणे विरूच्या घरी गेला. विरू नातवाचा नंदी घेऊन गल्लीत गेलेला. पूनम चुलीपाशी मोठ्या गंजात, पातेल्यात, खिरीचं दूध आटवत होती.

"बसा भाऊजी. यंदा दूध नीट आटलं बावा. एका सालच्या तान्ह्या पोळ्याले तुमच्या पाटलानं माया सारा गंज सांडला होता."

"पाटलानं काऊन सांडला, वहिनी?"

"पाटलानं म्हणजे यायनंच. तुम्ही गोटमारीले गेले होते. सकाळी चहाच्या टायमाले हे एकटेच टीव्हीसमोर. थो बादलीवाला जितला आन् हे असे उठले, का पायाची ठोकर लागून गंज उलथला. सणाचं दूध. मंग संध्याकाळी तुम्ही दोघं पुन्हा थेच पाहत बसले. मी मनात म्हणलं, यायले कटाळा कसा येत नाई."

गुणवंता म्हणाला, "दुसरा कोणता शो असन."

"थोच तं. तुम्हीच सांगता ना, का थो एकदाच जितला."

ते गुणवंताच सांगायचा. त्याला पळायला जागा राहिली नाही. खीर वाटीत आली, ती त्यानं खाल्ली. विरू आला, नातवानं बोजारा दाखवला, गुणवंतानं त्याच्या हातावर काहीतरी ठेवलं आणि घरी आला.

कुसुमनं विचारलं, "नोकरी गेली तवा नाचत आले होते. आता कोण मेलं?"

त्यानं सांगितलं. कुसुम पुष्कळ बोलली. विरूच्या सात पिढ्या तिनं अंगणात आणून उभ्या केल्या.  नोकरीचं दुःख गुणवंतानं कधीच पचवलेलं. सलत होतं ते दुसरंच. विरूनं जागा घेतली, तेही समजण्यासारखं. बायको नवी, घरची ओढाताण. पण संध्याकाळी जो नाचला तो कोण होता? मिठी मारली ती कोणी? गळ्यात पडून 'पाटील, पाटील' ओरडणाऱ्या माणसाला सगळं आधीच ठाऊक होतं. गुणवंता मोठ्या मनाचा आहे, म्हणून त्यानं विरूच्या बाजूनंही पाहिलं. त्याला वाटलं, माणूस दुसऱ्यांदा पाहतानाही खराच नाचत असेल. तसं असेल तर ती संध्याकाळ अजून अर्धी आपली आहे. तेवढं एकदा कळलं पाहिजे.

तो विरूला काही बोलला नाही. येत-जात राहिला.

थंडीत असाच एक किरकोळ शो आला. त्याचं नाव आता गुणवंताशिवाय कोणाला सांगता येणार नाही. सोमवारी सकाळी विरू शाळेची घंटा द्यायला गेलेला. गुणवंता इकडे घरी, दार लोटून, मुलीनं घेऊन दिलेल्या मोबाईलवर एकटा शो पाहत बसला. एक नवखा पोरगा, हाडकुळा, कालपर्यंत मार खाणारा, त्यानं चांगल्या दांडग्या गड्याला लोळवलं. गुणवंता चहाचा कप घेऊन उभाच राहिला. मग त्यानं तोंड धुतलं आणि कामाला गेला.

संध्याकाळी तो विरूकडे. टीव्ही आता भिंतीवर टांगलेला, खाटेच्या जागी दिवाण. विरूनं विचारलं, "सकाळी पाह्यला तं नाई ना बे?"

"नाई," गुणवंता म्हणाला. कान लाल झाले. विरू टीव्हीकडे पाहत होता.

आलूबोंडे आले. शो चालला. शेवटी हाडकुळ्या पोराची पाळी आली, आणि गुणवंतानं मनाची तयारी केली. आता उठायचं. विरूच्या गळ्यात पडायचं. पोरानं दांडग्याला उचललं, आपटलं, पंचानं हात मारला, एक, दोन, तीन. विरू दिवाणावरून उडालाच. पांढऱ्या मिशीचा माणूस, गुडघ्याला पट्टा बांधलेला, पण पोरासारखा उडाला. "अबे पाह्यलं का, पाह्यलं का," म्हणत त्यानं गुणवंताचा हात धरून ओढला.

गुणवंता बसलेलाच. त्यानं जोर लावला, हसूही आणून पाहिलं. उठवेना.

विरूनं हात सोडला. "काऊन रे? तब्येत नाई का बरी?"

"मी सकाळीच पाह्यला," गुणवंता म्हणाला.

"मंग मघा नाई काऊन म्हणला?"

"पाहत होतो, मले जमते का म्हणून."

स्वयंपाकघरात पूनमची भांडी वाजत होती. विरू टीव्हीकडे वळला, परत गुणवंताकडे वळला. हतोडेवाल्या शोचं नाव कोणी काढलं नाही. काढायची गरज नव्हती. जगात तो दोघांनाच ठाऊक होता.

"गुणवंता, घरात नवी बायको होती, बाबा बिमार होते," विरू बोलायला लागला. "मी तुले किती वेळा सांगाचं म्हणलं..."

"नोकरीचं नाई विचारत मी तुले." गुणवंतानं हातातला आलूबोंडा ताटलीत ठेवला. तो अजून अख्खा होता. "आज मले तुयासाठी उठता बी नाई आलं, विरू. तू त्या दिवशी एवढा कसा नाचला?"

विरूनं रिमोट उचलून टीव्ही बंद केला.  गुणवंता उठला, त्यानं चपला पायात सरकवल्या आणि पूनमला आवाज दिला, "येतो वहिनी."

"शो संपला का भाऊजी?"

"हो," गुणवंता म्हणाला, आणि या वेळी त्याचे कान लाल झाले नाहीत.