पांढरीच्या टेकाडावरची भिकुबाई

भिकुबाई भित्री नव्हती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. घरात निघालेला नाग तिने काठीवर उचलून बांधापलीकडे नेऊन टाकला होता. दारू पिऊन दारात आलेल्या चुलत दिराला मुसळ दाखवून पळवलं होतं. अशी बाई बहात्तरच्या दुष्काळात भर दिवसा, चार माणसांत घमेलं उचलताना लटलट कापायची. लोक म्हणायचे, पोटात अन्न नाही. अहो, अन्न तर कोणाच्याच पोटात नव्हतं!

धुळ्याच्या खाली पांझरेकाठी तिचं गाव. गावाला लागून पांढऱ्या मातीचं मोठं टेकाड. लोक त्याला पांढरी म्हणत, सणाला तिथे नारळ फोडत, चपला घालून वर चढत नसत. त्या हिवाळ्यात पुण्याहून उत्खननवाले साहेब आले, टेकाडावर दोऱ्या बांधून चौकोन आखले आणि मजूर मागितले. पोटाला चिमटा बसला की देवही जरा सरकून बसतो. खडी फोडण्यापेक्षा हे बरं, म्हणून अर्धं गाव धावलं. भिकुबाईचा नवरा कौतिक खणायला लागला, ती माती वाहायला आणि सासू झुंबरबाई खापरं धुवायला.

गावचा भगत नथ्थूसुद्धा खणायला आला. वर सांगत फिरे, की पाणी गेलं त्यात साहेबांचा दोष नाही. त्यांच्या आधीच कोणीतरी मढं पुरून पांढरी बाटवली आहे. ते सापडलं की त्या घराला गावात थारा नाही. माणसं माना डोलवत. भिकुबाई घमेलं उचलून भराभर पुढे निघे, कारण ते पुरणारी तीच होती.

झालं होतं असं. दुष्काळाच्या आदल्या वर्षी कौतिक नंदुरबारकडे कापसाच्या जिनिंगच्या कामाला गेलेला असताना तिला मुलगी झाली आणि बारशाआधीच गेली. एवढं तान्हं लेकरू जाळत नाहीत, पुरतात, आणि गावाची रीत नदीकाठी पुरायची. पण तिचं पहिलं पोर नदीकाठीच पुरलं होतं आणि दुसऱ्या दिवशी कुत्र्यांनी... जाऊ द्या, पुढचं माझ्याच्याने सांगवत नाही. या वेळी ती हटून बसली. शेवटी सासूनेच मडकं आणलं, मनगटातल्या काळ्या मण्यांसकट लेकराला मिठात ठेवलं, वर दुसरं मडकं पालथं घातलं आणि दोघींनी ते टेकाडावरच्या हिवराच्या झाडाखाली पुरलं.

"कोनलेच सांगजो नको," झुंबरबाई म्हणाली. "कौतिकले बी नही. गाव आपले जित्तं गाडी टाकी."

कौतिक परत आला तेव्हा त्याला नदीचंच सांगितलं.

खणायला लागल्यावर थोड्याच दिवसांत एका चौकोनात दोन मडकी निघाली, तोंडाला तोंड लावलेली. आत लहान मुलाची हाडं. भिकुबाईच्या हातातलं घमेलंच सुटलं. साहेब मात्र हरखून गेले. म्हणाले, ही तीन हजार वर्षांपूर्वीची आहेत; त्या काळी आया आपली लेकरं घराच्या जमिनीखालीच पुरत. मग एकेक हाड कापसात गुंडाळून त्यांनी लाकडी पेटीत ठेवलं. पेटी पुण्याला जाणार होती.

आता भिकुबाईला दुहेरी धाक. गाव हाकलणार ते हाकलणार, वर तिची पोर पेटीत घालून परमुलखात नेणार! टेकाडावरच्या तंबूत रात्रंदिवस राखणदार, त्यामुळे गुपचूप काढून न्यायचीही सोय नाही. दोरी हिवराकडे सरकायला लागली तशी ती रोज मधली पावलं मोजायला लागली.

आणि एका सकाळी कौतिकची कुदळ खापरावर आदळली. साहेब धावत आले. फुटक्या मडक्यात मिठाचे खडे, बोटभर हाडं आणि दोऱ्यात ओवलेले काळे मणी. साहेबांनी एक मणी उन्हात धरला.

"काचेचे. हे अलीकडचं आहे, आपल्या कामाचं नाही. बाजूला काढा," म्हणाले आणि दुसऱ्या खड्ड्याकडे निघून गेले.

मुकादम रुपचंदला बाजूला म्हणजे फेकायच्या मातीचा ढीगच माहीत. त्याने खापरं, मीठ, हाडं सगळं फावड्याने ओढलं आणि रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाईच्या घमेल्यात लोटलं. बाई भिकुबाई होती.

"फेकी ये," रुपचंद म्हणाला.

काय म्हणावं या न्यायाला! कोणा परक्या बाईच्या लेकराला कापूस, आणि हिच्या लेकराला मातीचा ढीग. भिकुबाई घमेलं डोक्यावर घेऊन ढिगावर चढली. ढिगाच्या टोकाशी थांबली. खालून झुंबरबाई हातातलं खापर सोडून डोळ्यांनी विनवत होती, टाक माय, टाक. टाकलं असतं तर कोणाला काही कळलं नसतं. घर राहिलं असतं, गाव राहिलं असतं. मागच्या बाया ओरडल्या, "फेक ना वं!"

तिने घमेलं खाली उतरवलं, मांडीवर घेतलं आणि त्यावर पदर ओढला.

"नही फेकस मी," ती ओरडली. "मन्ही आंडेर शे ही! मन्ही लेक शे!"

मागच्या बाया चार पावलं मागे सरल्या.

"सापडनं!" नथ्थू भगत म्हणाला.

कौतिक खड्ड्यातून बाहेर आला. कुदळ हातातच होती. तो सरळ ढीग चढायला लागला तशी झुंबरबाई किंचाळली, "कौतिक, थांब रे भाऊ, मी सांगस तुले!" त्याने वळूनही पाहिलं नाही. भिकुबाईने डोळे मिटले आणि घमेल्यावर वाकली, घाव बसायचाच तर आपल्या पाठीवर बसावा म्हणून.

कुदळ खाली पडल्याचा आवाज आला. कौतिक तिच्याशेजारी मातीत बसला. पदराखाली हात घालून तो फुटकं खापर चाचपत राहिला.

"मन्ही कुदळ लागनी वं तिले," तो म्हणाला. "जोरमा लागनी."