बोटीच्या वेळापत्रकाचा फॉन्ट

फॉन्टबद्दलचं खरं सांगितलं तर टेसा खचेल का, ही काळजी डोरीनच्या मनातून काही केल्या जाईना. तिची ही लेक पोर्टलंडला वेबसाइट सजवायची. नोकरी सोडल्यावरचं तिचं पहिलं काम अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या त्यांच्याच बेटाच्या बोटसेवेच्या वेबसाइटचं होतं आणि ती उद्या सगळ्यांसाठी खुली होणार होती.

"आई, चाळीस फॉन्ट बघून हा निवडलाय. कसला नाजूक आहे ना!" दुपारी फोनवर पोरगी नुसती फुलली होती. डोरीनही कौतुकाने "झकास!" म्हणून बसली.

संध्याकाळी शेजारच्या वेंडेलने टेसाने आईला पाठवलेलं वेळापत्रकाचं पान पाहिलं. "रविवारी शेवटची बोट सातला? वा, आरामात जेवून निघू."

"अहो, सात नाही, एक आहे तो!"

"मग एकाला एवढी टोपी कशाला घातलीय तुझ्या लेकीने?"

डोरीन हसली, पण बोट चुकलेला माणूस थंडीत पलीकडच्या किनाऱ्यावरच अडकणार होता. दहा वर्षांची असताना टेसाने बापाच्या होडीवरचं नाव धक्क्यावरून वाचता येत नाही म्हणून आपणहून खरवडून पुन्हा रंगवलं होतं. अशी पोर एका आकड्याने कशाला खचेल? आत्ताच फोन करायचा, डोरीनने ठरवलं.