ओळखीचा चेहरा

खारदांड्याच्या रोशनीचा आवाज मासळी बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा, आणि तिला त्याचा भारी अभिमान. तिच्याशी हुज्जत घालून जिंकलेलं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं होतं. नवरा अनंता बोटीवर. गेला की आठ-आठ दिवस समुद्रातच. मागे घरात उरायची एकटी सासू, सोनूबाई.

सोनूबाईच्या डोक्यातून सगळं पुसलं गेलं होतं. एकच गोष्ट शिल्लक होती: नवऱ्याची होडी येणार आणि आपण पाटी घेऊन किनाऱ्यावर जायचं. नवरा वारून अकरा वर्षं झाली होती. दिवाळीनंतर एकदा ती भरतीत कमरेएवढ्या पाण्यात उभी सापडली. बाहेरून कडी लावून पाहिली, तर म्हातारीने दार बडवून हात सुजवून घेतले. ते हात बघून रोशनी ढसाढसा रडली, आणि तिने दारावर कॅमेरा लावून घेतला.

म्हातारी दारात आली की बाजारात रोशनीचा फोन वाजे. सोनूबाई मान वर करून कॅमेऱ्यालाच विचारी, "होडी आली काय गं?"

"नाय आली, आये. आत बस," रोशनी फोनमध्ये सांगे. कॅमेऱ्यातून सुनेचा आवाज ऐकला की म्हातारी मुकाट्याने आत जाई. दिवसातून दहा वेळा हेच. त्या एका उत्तरावर म्हातारी तगून होती.

पुढे अंगणात बोंबील वाळत घातले आणि फोनला ऊत आला. वारा सुटला, बोंबील हलले, फोन वाजला. कावळा बसला, वाजला. मांजर आलं, वाजला. हात खवल्यांनी भरलेले, समोर गिऱ्हाईक खोळंबलेलं. रोशनीचे कान किटले. ती फोन वाजला तरी बघायचा कंटाळा करू लागली, आणि त्याचीच तिला भीती वाटू लागली. उद्या खरंच म्हातारी असली तर?

कॅमेरा लावणारा प्रज्योत गल्लीतलाच. तिने त्याला गाठलं. "अरे, वाट लागली ना माझी! मला बोंबील नको, कावळे नको. फक्त माणूस दिसला पाहिजे."

"एवढंच ना, वहिनी?" त्याने बोंबलांची बाजू वगळली, सूचना फक्त माणसांपुरत्या ठेवल्या. "आता कॅमेरा चेहरे विचारील, ओळखीचा की नाय. 'हो' नायतर 'नाय' दाबत जा, म्हणजे अजून त्रास कमी."

संध्याकाळी फोनवर सोनूबाईचा चेहरा आला. खाली प्रश्न: ही व्यक्ती ओळखीची आहे का? रोशनीला हसूच आलं. सासूला अनोळखी म्हणायला ती काय येडी होती? तिने 'हो' दाबलं.

दुसऱ्या दिवशी फोन गप्प. रोशनीने सुरमई कापली, कोळंबी सोलली, दोन गिऱ्हाइकांशी मनसोक्त भांडली. झकास चाललं होतं. शेजारची कमल पाटी आवरत म्हणाली, "लवकर निघते गं. अमावास्येचं उधाण, बाराला पाणी भरंल. बोट वर ओढायला माणसं कमी हायत."

साडेअकरा झाले होते. रोशनीच्या मनात पाल चुकचुकली. सकाळपासून म्हातारीने एकदाही होडी विचारली नव्हती.

तिने साडीला हात पुसून फोन उघडला. दार सताड उघडं. तिने रेकॉर्डिंग मागे नेलं. दहा पन्नासला सोनूबाई दारात उभी होती, कॅमेऱ्याकडे बघत.

"होडी आली काय गं?"

थोडा वेळ थांबून तिने पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा, जरा मोठ्याने, जशी माणसं बहिऱ्याशी बोलतात. काल 'हो' दाबलेला घरचाच चेहरा, म्हणून फोनने हूं की चूं केलं नव्हतं. म्हातारी आत गेली, पाटी घेऊन आली आणि समुद्राच्या बाजूला चालू लागली.

रोशनी रिक्षाकडे धावत सुटली. धावता धावताच तिने बोलायचं बटण दाबलं. "नाय आली, आये!" अख्खा बाजार वळून बघू लागला. "होडी नाय आली! आत बस!"

फोनमध्ये अंगण दिसत होतं. तिथे कुणी नव्हतं.