लाल धाग्याचं पान

प्रेम या विषयात आमच्या वरच्या दीदींच्या तोडीचा जाणकार अख्ख्या रायपुरात नाही, आणि हे मी त्यांची भाडेकरू आहे म्हणून म्हणत नाही. चौबे कॉलनीत त्यांच्या घराच्या खालच्या खोलीत आम्ही राहतो, मी साड्यांना फॉल-पिको करून देते आणि दीदी वर एकट्या राहतात. वय चौसष्ट. सरकारी कचेरीत टायपिस्ट होत्या, लग्न केलं नाही, आणि सात वर्षांच्या पोरीपासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत सगळी गल्ली त्यांना दीदीच म्हणते. या वयाच्या बायका पोथी वाचतात. दीदी वाचतात सोळा-सतरा वर्षांच्या पोरापोरींच्या प्रेमाच्या कादंबऱ्या, हिंदीतल्या आणि इंग्रजीतल्याही. त्यातही एक अट आहे. दोघं आधी मित्र पाहिजेत. शेजारी असोत, एका बाकावरचे असोत, एका सायकलवरून शाळेत जाणारे असोत, पण मैत्री जुनी पाहिजे आणि प्रेम उशिरा उमजलं पाहिजे. पहिल्या नजरेत प्रेम झालं की दीदी पुस्तक मिटतात. "हे तर चालत्या ऑटोत बसल्यासारखं झालं," त्या म्हणतात. "कुठं चालला ते विचारलं नाही, बसली."

त्यांची वाचायची जागा म्हणजे जिना. खालून चौथी पायरी, बरोबर माझ्या खिडकीसमोर. पुस्तक हाती आलं की आधी शेवटचं पान उभ्या उभ्या वाचायचं. दोघं मित्र एकत्र आलेले दिसले तरच बूड टेकायचं. एकदा एका लेखकानं शेवटी पोरीला मित्राऐवजी कुणा गिटारवाल्याच्या हाती दिलं, तर दीदींनी पेन्सिलनं मुखपृष्ठावर "धोखा" असं लिहून पुस्तक परत पाठवलं. वाचताना त्या पात्रांशी बोलतात, म्हणजे ओरडतातच. एका सकाळी कोथिंबिरीचा ठेला जिन्याशी आला आणि नेमक्या त्याच वेळी दीदी कडाडल्या, "अरे गाढवा, ती तुझ्यासाठीच थांबली आहे! अजून किती वाट पाहायला लावून राहिला?" तो बिचारा कोथिंबीरवाला ठेला सोडून हात जोडत आत आला. "दीदी, रास्ते में जाम था," म्हणाला. दीदींनी त्याला चहा पाजला आणि पुढचं पानही वाचून दाखवलं.

दुपारी मी फॉल लावते आणि त्या मला गोष्ट सांगतात. मी चौथीपर्यंत शिकले, पण त्यांच्यामुळे मला इतक्या पोरापोरींची भानगड ठाऊक आहे की कॉलेजच्या मुलींनाही नसेल. एकदा मी कसंबसं विचारलं, दीदी, यात तुम्हाला इतकं काय आवडतं? दोघांचं जमणार हे तर शेवटच्या पानावर आधीच पाहिलेलं असतं. त्यांनी चष्मा काढला. "पाह्य, त्या पोट्ट्याले माहीत असते की ही रडली की हिचं नाक वाजते. भेंडी पाहून तोंड वाकडं करते. हरली की पत्ते फेकते. सगळं माहीत असून तो उद्या पुन्हा दारात येते. नवीन माणसाले चांगलं दाखवता येते बाई. जुन्या माणसापुढं काय दाखवशील?" मला माझं आठवलं. आमच्यात आधी लग्न झालं, मग ओळख झाली, आणि दोस्ती अजून चालू आहे. मी सुईत दोरा ओवत बसले.

माझ्या रिळांच्या डब्यावर त्यांचा हक्कच आहे. ज्या पानावर पोरीला प्रेम उमजतं तिथं लाल धागा, पोराला उमजतं तिथं निळा. पोट्टे नेहमी चाळीस पानं मागं असतात, असा त्यांचा आजवरचा अनुभव. या पुस्तकांवर त्यांचा राग एकाच गोष्टीचा. उमजलं की लेखक आवरतं घेतो. दोन पानं हातात हात, एक पान पाऊस, आणि पुस्तक बंद. "तीनशे पानं दोस्ती केली, त्याचं काहीच नाही," दीदी धुसफुसतात. "बोलले की संपलं." त्यांच्या पुस्तकांत धागे खरोखर मागच्या पुठ्ठ्याला चिकटलेले असतात.

एवढा अभ्यास झाल्यावर माणूस तो वापरणारच. गल्लीतल्या एका मुलीसाठी मुलगा पाहायला गेले तेव्हा वडीलधाऱ्या म्हणून दीदींना नेलं आणि साडीचा फॉल मीच लावला म्हणून मलाही. मुलगा चांगला होता, नोकरी चांगली होती, चिवडा तर फारच चांगला होता. सगळ्यांनी पगार विचारला, दीदींनी विचारलं, "लहानपणची कोणी मैत्रीण आहे काय?" मुलगा खाली पाहून म्हणाला, "है, पर वो सिर्फ दोस्त है." दीदींनी बशी खाली ठेवली. "चला. या पोट्ट्याचा निळा धागा यायचाच आहे. आपली पोरगी मधात कशाले टाकता?" मुलाची आई लाल झाली, मुलीची आई पांढरी. मी पदराआड हसू दाबत होते. सहा महिन्यांनी त्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आली, त्याच मैत्रिणीशी. पहिली पत्रिका दीदींना. मुलीच्या आईनं तोवर अबोला धरला होता, तो त्या दिवशी सुटला.

आता डॉक्टरांचं सांगते. समता कॉलनीत त्यांचा होमिओपॅथीचा दवाखाना. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. दीदी आणि ते शाळेत एका वर्गात होते, आणि चौसष्टाव्या वर्षी एकमेकांना अरे-तुरे करतात. दर गुरुवारी दवाखाना बंद, त्या दिवशी ते वाचनालयातून पुस्तक घेऊन येतात. वाचनालयवाला निवडून देतो असं दीदींना वाटत असे, पण डॉक्टर स्वतः आधी पूर्ण वाचून, दोस्तीची खात्री करून मगच आणतात, हे मला त्यांच्याच तोंडून कळलं होतं. "वहिनी, तिले सांगू नका," एवढंच ते म्हणाले. मी सांगितलं नाही. गप्प राहणं मला जमतं.

परत नेताना डॉक्टर आधी धागा शोधत आणि मग दोघांचं जिन्यावर भांडण जुंपे.

"एकशे ऐंशीवर? अगं, तिले रेल्वे फाटकापाशीच उमजलं होतं!"

"तुले काय समजते? दिवसभर साखरेच्या गोळ्या देऊन तुझं डोकंबी गोड झालं."

"आणि तुझा चहा कडू. आलं किती टाकते तू?"

"तू खोकलून राहिला म्हणून टाकते. नको तर नको पिऊ."

ते पीत. दुसरा कपही पीत. सगळ्या गल्लीला काय ते दिसत होतं. दुसऱ्यांच्या धाग्यांचा हिशेब ठेवणाऱ्या या दोघांनी स्वतःच्या पुस्तकाकडे मात्र कधी पाहिलं नाही, असं मला वाटे.

मग गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांच्या मुलाला शहराबाहेर दूर नवा रायपुरात घर मिळालं. दवाखाना बंद करायचा आणि वडिलांनी तिकडेच राहायचं असं ठरलं. डॉक्टरांनी गुरुवारी पायरीवर बसून ते सांगितलं. तिकडे रस्ते मोठे आहेत म्हणाले, बस मात्र कमी. पुढच्या गुरुवारी शेवटचं यायचं होतं. दीदी म्हणाल्या, "बरं." चहात त्या दिवशी आलं नव्हतं.

आठ दिवस त्यांनी आणलेलं पुस्तक पायरीवर तसंच पडून. जिना इतका शांत की कोथिंबीरवाल्यानं मला विचारलं, "दीदी बीमार हैं क्या?" गुरुवारी सकाळी त्या खाली आल्या, डबा उघडला, बराच वेळ रिळं चाळली आणि लाल धागा तोडला. पुस्तक उघडून पहिल्याच पानात ठेवला, जिथं गोष्ट नुकती सुरू होते तिथं.

"दीदी, तुम्ही तर वाचलंच नाही," मी म्हणाले.

"पोट्टीले पहिल्याच पानावर उमजलं होतं."

"मग ती बोलली काहून नाही?"

दीदींनी पुस्तक मिटलं. "संपलं असतं न बाई."

डॉक्टर आले. सवयीप्रमाणे पुस्तक मागून उघडलं, धागा शोधत मागच्या पुठ्ठ्यापासून पुढे येऊ लागले. दोनशे, दीडशे, शंभर. "वाचलं नाही काय?" असं पुटपुटत ते पन्नासवर आले, दहावर आले, आणि पहिल्या पानावर थांबले. दीदी कुंडीतल्या तुळशीला पाणी घालत होत्या. कुंडी भरून पाणी जिन्यावरून माझ्या दारात आलं तरी घालत होत्या. डॉक्टरांनी पान मिटलं. पुस्तक पिशवीत टाकून गेले. त्यांचा चहा तसाच राहिला.

पुढचा गुरुवार रिकामा गेला. दीदी चौथ्या पायरीवर पुस्तकाशिवाय बसल्या होत्या. मला वाटलं, धागा ठेवायला नको होता, खरंच संपलं.

त्याच्या पुढच्या गुरुवारी दुपारी दारात डॉक्टर. दोन बस बदलून आले होते, केसांत धूळ, हातात तेच पुस्तक.

"वहिनी, निळा धागा आहे काय?"

मी रीळच पुढे केलं. त्यांनी धागा दातांनी तोडला, पहिलं पान उघडलं आणि लाल धाग्याशेजारी ठेवला. "चाळीस पानं मागं म्हणते," ते मला म्हणाले. "तिचं नेहमी चुकते." आणि जिन्याकडे वळले.

आता ते दर गुरुवारी येतात आणि पाचच्या बसनं जातात. मधल्या वेळात भांडतात. लग्नबिग्न काही नाही, पाऊसही नाही. कितव्या पानावर आहेत कोण जाणे, पण बसची वेळ झाली की दीदी घराच्या फाटकापर्यंत जातात, आणि परत येताना त्यांचं नाक थोडं वाजतं.

निळ्या धाग्याच्या त्या दिवशी मात्र डॉक्टर पायरीवर दीदींशेजारी बसले आणि भांडण काही जुंपलं नाही. खिडकी उघडी होती आणि मी अगदी समोर. उठून जावं तर बांगड्या वाजल्या असत्या. मी मशीन चालू केलं आणि जोरात चालवत राहिले. सुईखाली कापड नव्हतंच.