जर्मनचं पातेलं

अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना आमच्याकडे जर्मनची भांडी म्हणतात. आईचं आमटीचं पातेलं तसलंच. चिंचेची आमटी उकळली की ते आतून लख्ख निघायचं आणि आईला तो आपल्या घासण्याचा पराक्रम वाटायचा. खरं तर चिंचेने धातू खरवडलेला असायचा आणि तो आमटीबरोबर आमच्या पोटात गेलेला असायचा.

आईला विसरायला होऊ लागलं, तेव्हा मी डॉक्टरांना आधी पातेल्याचंच विचारलं. ते म्हणाले, "संशय जुना आहे, पण सिद्ध काही झालेलं नाही. आणि त्यातलं तुम्हीही जेवलातच की!" बरोबरच होतं. तरी घरी येऊन मी पातेलं भंगाराच्या पिशवीत टाकलं. कुणावर तरी राग काढायला हवा होता.

दुपारी आईने ते पिशवीतून बाहेर काढलं. काठावर तिचंच नाव होतं, दुकानात कोरून घेतलेलं, आता घासून पुसट झालेलं. त्यावरून बोट फिरवत तिने वाचलं, "सौ. सुमन."

मग पातेलं माझ्या हातात देत म्हणाली, "अगं, हे कुणा सुमनबाईंचं आपल्याकडे राहिलंय. शोधत असतील बिचाऱ्या. नेऊन दे. आणि रिकामं नको देऊस हं, थोडी आमटी घाल त्यात."